मोरसला गेलेला आजा

वाचकहो, जुन्या घरांतून एखाद्या आजीच्या तोंडी 'मोरस साखर' हा शब्द अजूनही ऐकू येतो. गूळ तो आपल्या गावचा आणि पांढरी दाणेदार साखर ती मोरस, असा पूर्वी सरळ हिशेब असे. हा 'मोरस' म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरात, मादागास्करच्याही पूर्वेला असलेले एक बेट. आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान. त्या बेटाचे नाव आपल्या मराठीत शिरले ते साखरेच्या पोत्याबरोबर. पण ती साखर ज्या उसाची, तो ऊस लावणारे, तोडणारे आणि वाहणारे हात कुणाचे होते? त्यांतले काही हात आपल्याच कोकणातले होते, हे मात्र आपण पार विसरून गेलो आहोत.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते ह्या विसरलेल्या माणसांविषयी. त्यांचे पणतू-खापरपणतू आज मॉरिशसमध्ये राहतात. त्यांतले काही जण आपला मूळ पुरुष कोण, तो कुठल्या गावचा, कुठल्या गलबतातून आला, हे जुन्या कागदांतून शोधीत असतात. हा शोध कसा चालतो, त्यात अडचणी कोणत्या येतात, आणि त्याचे दुसरे टोक आपल्या हातात कसे आहे, हे आपण पाहू. खेड्यातल्या मंडळींनी आणि विशेषतः शिक्षकांनी हे जरा लक्ष देऊन वाचावे. कारण पुढेमागे असा एखादा पाहुणा तुमच्याच एस. टी. थांब्यावर उतरायचा संभव आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो. मॉरिशस १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतले. राज्य इंग्रजांचे झाले, पण मळे, भाषा आणि कायदा बऱ्याच अंशी फ्रेंच वळणाचाच राहिला. उसाच्या मळ्यांत राबत ते आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेले गुलाम. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करणारा कायदा केला आणि १८३५ साली तो मॉरिशसमध्ये अमलात आला. गुलाम सुटले. सुटलेला माणूस पुन्हा त्याच मळ्यात, त्याच मुकादमाच्या हाताखाली कशाला राहील? मळेवाल्यांना मजूर पाहिजे होते, आणि स्वस्त पाहिजे होते. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजुरांची तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. पुढे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसे ह्या बेटावर नेण्यात आली. त्यांतले कित्येक परतले, बहुतेक तिथलेच झाले. सर्वांत अधिक माणसे गेली ती कलकत्त्याहून, म्हणजे बिहार व संयुक्त प्रांताच्या मुलखातली. त्यांच्या खालोखाल मद्रासेहून. तिसरे बंदर आपली मुंबई. मुंबईचा वाटा त्यामानाने लहान, पण त्या लहान वाट्यात रत्नागिरीची माणसे पुष्कळ होती.

ही माणसे जात ती करारावर सही अथवा अंगठा करून. ह्या करारालाच, इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'चा अपभ्रंश होऊन, 'गिरमिट' म्हणू लागले आणि करारी माणूस झाला गिरमिटिया. मजुरी महिना सुमारे पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. ऐकायला बरे वाटते. पण एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तिथला शिरस्ता होता. आजारी पडले तरी कात्री, उशीर झाला तरी कात्री. महिन्याच्या शेवटी हातात काय पडत असेल, ह्याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

कोकणातला माणूस का गेला, असे विचाराल तर त्याचे उत्तर तुम्हांला पुस्तकात शोधायला नको. डोंगरउताराची जमीन, वरकस पीक, पावसाळ्यानंतर हाताला काम नाही, सावकाराचे कर्ज, आणि बहुतेक गावांत खोताचा अंमल. कोकणी माणूस पोटासाठी पलटणीत गेला, गलबतावर गेला, मुंबईला गेला. त्यांतलाच एक मुंबईत काम शोधीत असता एखाद्या मुकादमाच्या हाती लागला आणि मोरसला गेला. पुढे रेल्वेची कामे निघाली. १८५४ नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या. मग समुद्र ओलांडण्याची गरज उरली नाही. म्हणून मोरसला गेलेले मराठी लोक बहुतेक जुन्या काळातले आहेत, आणि म्हणूनच त्यांचा माग लावणे कठीण आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ह्या माणसांची आठवण कोणी ठेवली? गावाने ठेवली नाही. घराने एक-दोन पिढ्या ठेवली आणि मग सोडली. ठेवली ती सरकारी वहीने. १८३९ साली मजुरांचे हाल उघडकीला येऊन ही भरती काही काळ बंद पडली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा सरकारी देखरेख आली, अधिकारी नेमले गेले आणि वह्या घातल्या गेल्या. जहाज पोर्ट लुईला लागले, की माणसे धक्क्यावर उतरत आणि दगडी पायऱ्या चढून डेपोत जात. त्या पायऱ्या आजही आहेत. त्या जागेला 'आप्रवासी घाट' म्हणतात, आणि २००६ साली युनेस्कोने तिची जागतिक वारशात गणना केली. डेपोत प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. हा क्रमांक जन्मभराचा. मळा बदलला, मालक बदलला, तरी क्रमांक तोच. बाप मेल्यावरही मुलाच्या कागदांत तो क्रमांक डोकावत राही.

त्या वहीत रकाने असत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज, आल्याची तारीख, कोणत्या मळ्यावर धाडला तो मळा, आणि शेवटी शेरा. मेला, परत गेला, असे जे काय झाले ते शेऱ्यात. ह्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. ही संस्था १९७० साली स्थापन झाली.

मॉरिशसचा माणूस शोध सुरू करतो तो उलट्या दिशेने. प्रथम स्वतःचा जन्मदाखला. त्यावरून आईबापांच्या लग्नाचा दाखला. त्यावरून आजोबांचा जन्म, पणजोबांचे लग्न, असे एकेक पाऊल मागे. आपण विहिरीत उतरताना जशी एकेक पायरी चाचपतो तसेच हे आहे, मधली पायरी सोडून उडी मारता येत नाही. असे जाता जाता एखाद्या जुन्या दाखल्यात नावापुढे एक क्रमांक लिहिलेला दिसतो. तो दिसला की समजावे, जहाजातून उतरलेला माणूस हाच. मग तो क्रमांक घेऊन मोक्याला जायचे आणि वही उघडायची.

वाटेत अडचणी किती! पहिली अडचण नावाची. त्या काळी आपल्याकडे साध्या माणसाला आडनाव विचारतो कोण? तो सांगे, मी राघो, बापाचे नाव भिवा. कारकुनाने तेवढेच लिहिले. पुढच्या पिढीला आडनाव लागले तेव्हा बापाचे किंवा आजाचे नावच आडनाव होऊन बसले. त्यामुळे भिवाजी, बाबाजी, तुकाराम अशी आपल्याकडे पाळण्यात ठेवायची नावे तिकडे आडनावे म्हणून चालतात. खरे आडनाव, जे गावात वाडीच्या नावावरून सगळ्यांना ठाऊक होते, ते समुद्रातच राहिले.

दुसरी अडचण कानाची. लिहिणारा इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचा, सांगणारा कोकणी. मध्ये दुभाष्या असलाच तर तोही परप्रांतीय. 'विठू'चा 'बिट्टू' होणार, 'गणू'चा 'गुन्नू' होणार, 'धोंडू'ची तर काय दशा होईल ती विचारूच नका. गावाच्या नावाचे हाल ह्याहून अधिक, कारण माणसाचे नाव निदान पुन्हा पुन्हा लिहिले जाते, गावाचे नाव एकदाच.

तिसरी अडचण लग्नाची. आपल्या रीतीने, चार माणसांच्या साक्षीने, अक्षता टाकून लागलेले लग्न सरकारदरबारी नोंदलेले नसेल तर तिथला कायदा ते लग्न मानीत नसे. मग मुलाच्या जन्मनोंदीत बापाचे नाव यायचे नाही, आईचेच यायचे. घरात बाप आहे, मूल त्याच्या मांडीवर वाढले आहे, पण कागदावर तो नाही. असा धागा पणजोबांपाशी तुटतो आणि शोधणाऱ्याला पणजीचे बोट धरून पुढे जावे लागते.

पणजीवरून आठवले म्हणून सांगतो. आपल्याकडच्या जुन्या जमीनकागदांत बाईचे नाव शोधायला जा, क्वचितच सापडेल. पण जहाजाच्या वहीत उतरलेल्या प्रत्येक बाईला तिचा स्वतःचा क्रमांक आहे, स्वतःचे वय आहे, स्वतःचे गाव आहे. जिची गावाने कधी नोंद केली नाही तिची नोंद परक्या कारकुनाने केली.

ह्या वह्यांबरोबर आणखी एक वस्तू आहे, ती म्हणजे फोटो. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून मजुरांचे फोटो काढू लागले. हे कौतुकाने काढलेले फोटो नव्हेत, बरं का. १८६७ साली तिथे एक कडक कायदा झाला. करार संपलेल्या जुन्या मजुरानेही आपला फोटो लावलेले तिकीट सतत जवळ बाळगले पाहिजे, नाही तर पोलीस पकडणार, असा तो कायदा. बाजाराला निघालेला माणूस तिकीट घरी विसरला तर तुरुंगात जाई. ह्या जाचाविरुद्ध १८७१ साली आडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या गोऱ्या मळेवाल्याच्या पुढाकाराने अर्ज करण्यात आला. त्यावर ९,४०१ मजुरांनी सह्या-अंगठे केले. १८७२ साली विलायतेहून चौकशी आयोग आला आणि १८७५ साली त्याचा अहवाल बाहेर पडला.

आता ह्यातले वैचित्र्य पाहा. तो फोटो माणसाला पकडण्यासाठी काढला. पण आज त्याच्या पणतूजवळ आजाचे दुसरे चित्र नाही. तोच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून तो देवघराशेजारी लावतो आणि दिवाळीला त्याला हार घालतो. फोटोतला माणूस हसत नाही. उघड्या छातीचा किंवा जाडाभरडा सदरा घातलेला, समोर रोखून पाहणारा. बेटावर उतरला तेव्हा तो बावीस वर्षांचा असेल, फोटो काढला तेव्हा चाळिशी उलटून गेलेली. मधल्या वर्षांत काय झाले ते चेहऱ्यावर दिसते, वहीत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, कागद कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला हे आधी विचारा. मालकाच्या सोयीसाठी लिहिलेल्या कागदातूनही माणूस शोधता येतो, पण कागद मालकाचा आहे हे विसरून चालत नाही.

जातीचा रकाना असाच जपून वाचावा लागतो. कलकत्त्याच्या जुन्या कागदांत 'धांगर' असा शब्द येतो. आपल्याला वाटेल, हे आपले धनगर. तसे नव्हे. तिथे तो शब्द छोटानागपूरच्या डोंगरी लोकांना लावीत. उलट आपल्या बाजूच्या माणसापुढे 'मराठा' एवढेच लिहिले असेल, तर ती जात की मुलूख, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. मराठी बोलणारा तो मराठा, एवढाच कारकुनाचा विचार असू शकेल.

हे सारे नीट कळावे म्हणून आपण एक उदाहरण घेऊ. उदाहरण मी जुळवलेले आहे. पण त्यातले रकाने खऱ्या वहीतले आहेत. समजा, नोंद अशी आहे: नाव राघो, बाप भिवा, वय बावीस, डाव्या भुवईवर जखमेची खूण, जात मराठा, जिल्हा रत्नागिरी, आणि गावाच्या रकान्यात 'नौंदगॉन' असे काहीसे. वाचणारा म्हणेल, हे तर नांदगाव! झाले, सापडले! पण जरा थांबा. नांदगाव कुठले? एक कणकवलीजवळ आहे. एक मुरुडजवळ आहे. देशावर नाशिककडे आहे, वऱ्हाडात अमरावतीकडे आहे. शोधू तितकी नांदगावे सापडतील.

आता जिल्ह्याचा रकाना कामी येतो. मुरुड तेव्हा जंजिऱ्याच्या संस्थानात होते, इंग्रजी रत्नागिरी जिल्ह्यात नव्हते. म्हणून ते नांदगाव मागे पडते. कणकवलीचा मुलूख आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, पण सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. त्यापूर्वी तो सारा भाग रत्नागिरीतच धरला जाई. म्हणून जुन्या कागदातली 'रत्नागिरी' शोधताना आजचे दोन जिल्हे धुंडाळावे लागतात. सावंतवाडीचे संस्थान तर १९४८ पर्यंत निराळेच होते. तालुक्यांचीही तीच गोष्ट. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी किल्ल्यांची नावे जुन्या कागदांत तालुक्यांना आहेत. ती आजच्या नकाशावर तालुका म्हणून शोधाल तर सापडायची नाहीत. अंजनवेलचा माणूस म्हणजे केवळ अंजनवेल गावचा नव्हे, गुहागर-चिपळूणच्या बाजूचा कुठलाही असू शकेल.

तेव्हा आपला राघो कणकवलीकडच्या नांदगावचा, असे म्हणावे काय? अजून नाही. ही शक्यता झाली, पुरावा नव्हे. बेटावरच्या घरात आणखी काही धागे असतात. घरात कोणत्या देवाचे नाव घेतात? रवळनाथ म्हणत असतील तर दक्षिण कोकणाकडे पाहावे. भैरीचे नाव येत असेल तर रत्नागिरीच्या बाजूला. मॉरिशसच्या मराठी लोकांत 'झाकरी' नावाचा नाच अजून टिकून आहे. ही आपली जाखडी, हे सांगायला नको. जाखडी रत्नागिरीच्या बाजूची, दशावतार सावंतवाडी-मालवणच्या बाजूचा. पायांतला ठेकासुद्धा एक प्रकारचा दाखला आहे. त्याच्यावर शिक्का नाही, तारीख नाही, पण तो मुलूख सांगतो. कागद आणि आठवण ह्या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या म्हणजे विश्वास धरायला हरकत नाही.

आता येतो आपला भाग. गावात कोणते कागद आहेत? शाळेचे जनरल रजिस्टर आहे. मोरसला गेलेला माणूस शाळेत गेलेला असण्याचा संभव थोडा, पण त्याच्या भावकीतल्या पुढच्या मुलांची पूर्ण नावे तिथे सापडतात. तलाठ्याकडे जुने फेरफार आहेत. खोती गावांतून 'बोटखत' नावाचा कागद असे. त्यात कोण कुळ काय कसतो ह्याची नोंद होई. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण तिचे कागद कुठे कुठे उरले आहेत. देवस्थानाचे मानपान आहेत. पालखी कोणत्या घरापुढे थांबते, पहिला मान कुणाचा, कोणत्या घराचा मान खंडित झाला, हे जाणते गावकार अजून सांगतात. मुंबई सरकारच्या जुन्या दप्तरांत ह्या स्थलांतराचा पत्रव्यवहार आहे, तो पुराभिलेखागारात पाहायला मिळतो. आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे घरोघरीच्या वंशावळी.

गुरुजनांना माझी एक सूचना आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम द्या. घरी जाऊन आजीआजोबांना एवढेच विचारायचे: आपल्यापैकी पूर्वी कुणी मोरसला, दर्यापार गेले होते काय? परत न आलेला कुणी होता काय? मिळेल ते उत्तर, सांगणाऱ्याचे नाव आणि वय घालून, वहीत उतरवून ठेवायचे. ऐकीव म्हणून टाकून द्यायचे नाही आणि ऐकीव आहे हे लपवायचेही नाही. शाळेच्या कपाटात अशी एक वही राहिली, तर कधीतरी दूरदेशीहून आलेल्या माणसाच्या ती कामी येईल. आणि मुलांनाही कळेल, की इतिहास म्हणजे काही फक्त राजांच्या लढाया नव्हेत.

मात्र दोन गोष्टी जपायला हव्यात. त्या स्पष्ट बोलतो, कुणी राग मानू नये.

पहिली गोष्ट, भीती. परदेशातून कुणी आला आणि जुने कागद विचारू लागला, की आपल्या पोटात गोळा येतो. वाटणी मागायला आला असेल काय? सातबाऱ्यात नाव लावा म्हणेल काय? आपली भाऊबंदकी आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा ही शंका अगदीच निराधार असे म्हणवत नाही. पण विचार करा. ज्याच्या पाच-सहा पिढ्या त्या बेटावर झाल्या, तो अर्ध्या गुंठ्यासाठी समुद्र ओलांडून येत नाही. बहुतेकांना देवळात नारळ वाढवायचा असतो, विहिरीचे पाणी प्यायचे असते, ओंजळभर माती रुमालात बांधून न्यायची असते. काहींना कागदाची खरीच गरज असते. भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत 'ओसीआय' पत्र मिळू शकेल, असे मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यासाठीही मूळ पुरुषाचा पुरावा लागतो. त्यात आपल्या जमिनीचे काही जात नाही.

दुसरी गोष्ट ह्याच्या उलट, भिडेची. आपण पाहुण्याला नाराज करीत नाही. एवढ्या लांबून आला, डोळ्यांत पाणी आणून विचारतो आहे, मग आपण एखादे पडके जोते दाखवून म्हणतो, 'हेच हो तुमच्या आजाचे घर!' तो बिचारा जोत्याला डोके टेकतो, फोटो काढतो, आणि ते चित्र त्याच्या नातवंडांपर्यंत जाते. मंडळी, हे पुण्य नव्हे. खोट्या जोत्यावर डोके टेकवून घेणे ही त्या माणसाची फसवणूक आहे. त्याच्या आजाला एकदा मुकादमाने खोटे सांगून नेले असेल. आता नातवाला आपण गोड खोटे सांगून परत पाठवू नये. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणावे. 'ह्या गावचा असण्याचा संभव आहे, घर सांगता येत नाही, पण ग्रामदेवता हीच' एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले. खरे असलेले थोडे पुरते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. ही गिरमिटाची पद्धत बंद व्हावी म्हणून झगडलेल्यांत एक नाव रत्नागिरी जिल्ह्याचेच आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. जन्म १८६६, गुहागरजवळचे कोतळूक. आफ्रिकेतील नाताळला मजूर पाठविणे बंद व्हावे असा ठराव त्यांनी १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात आणला. तो मान्य झाला, आणि १ जुलै १९११ पासून ती वाट बंद पडली. मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही सारी पद्धतच रद्द करण्याचा ठराव मांडला. बाजूने बावीस मते पडली, विरुद्ध तेहतीस. ठराव पडला. पण त्या बावीस मतांचे वजन सरकारला पुढे मोजावे लागले. मॉरिशसला करारी मजूर नेणे १९१० मध्येच थांबले होते. १९१७ साली हिंदुस्थानातून अशी माणसे पाठविण्यास बंदी झाली आणि १९२० पर्यंत ही पद्धत संपुष्टात आली. ज्या कोकणच्या बंदरांवरून माणसे मुंबईला आणि मुंबईहून मोरसला गेली, त्याच कोकणच्या एका मुलाने त्यांच्या बाजूने उभे राहून मत मागितले, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जावी.

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. तिथे आज मराठी माणसे थोडी आहेत, पण आहेत. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुटी असते. शाळांतून मराठी शिकवितात. घरातली बोली बहुतेक क्रिओल झाली, तरी आरती मराठीत होते. शब्दाचा अर्थ कुणाला कळतो, कुणाला कळत नाही, पण चाल चुकत नाही.

आता शेवटचे सांगतो. आपल्या जुन्या वंशावळी तुम्ही पाहिल्या असतील. एखाद्या भावाच्या नावाखाली फाटे फुटत जातात, आणि एखाद्याच्या नावाखाली रेघ ओढून 'निर्वंश' असे लिहिलेले असते. कुठे 'परागंदा', कुठे नुसते कोरे. लिहिणाऱ्याने खोटे लिहिले असे नव्हे. गेलेला माणूस परत आला नाही, निरोप आला नाही, दहा वर्षे वाट पाहिली, बायको वाट पाहून म्हातारी झाली, आणि मग कुणीतरी जड हाताने ती रेघ ओढली. पण त्यांतल्या एखाद्या रेघेपलीकडे, समुद्राच्या त्या बाजूला, आज शंभर माणसांचे कुळ नांदत असेल. त्यांच्याजवळ क्रमांक आहे, जहाजाचे नाव आहे, तारीख आहे, फोटो आहे. नाही ते फक्त गाव. आणि आपल्याजवळ गाव आहे, वाडी आहे, देव आहे, फक्त तो एक भाऊ नाही.

अर्धा कागद त्यांच्याकडे, अर्धा आपल्याकडे. सणासुदीला घरातले जुने दप्तर उन्हाला काढाल तेव्हा वंशावळीचा कागद जरा उलगडून पाहा. जिथे 'निर्वंश' लिहिले आहे तिथे खोडाखोड करू नका. बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरांत एवढेच लिहा: 'मोरसला गेला काय? शोध व्हावा.'